पार्टीसाठी पफ करताय? आधी सारण गार करा

मागच्या वेळी सगळं जमलं होतं, फक्त सारण कोमट असतानाच भरलं. पफ वरून बरे दिसत होते, पण तळाला ओल्या पुठ्ठ्यासारखे आणि मध्ये कच्चे. म्हणून ही यादी. सारण गार करण्याचा विषय यात चार वेळा येईल, वैतागलात तरी वाचा.

आधी हिशोब. पुढे जेवण असेल तर माणशी ३-४ नग पुरतात. जेवणच नसेल तर ८-१० धरा. पफ पेस्ट्रीची तयार गोठवलेली शीट साधारण २५ सेंटिमीटर चौकोनी असेल तर ३×३ कापून आठेक सेंटिमीटरचे ९ चौकोन मिळतात. ते दुमडले की ९ त्रिकोण. त्याच शीटची गुंडाळी करून दीड सेंटिमीटरच्या चकत्या पाडल्या तर १६. वीस माणसं आणि पुढे जेवण, तर ७०-८० नग. सगळे त्रिकोणच करायचे ठरवलंत तर आठ-नऊ शीट लागतील आणि मान मोडेल. निम्मे त्रिकोण, निम्म्या चकत्या करा. घरी पदर पाडून पेस्ट्री करायची हौस असेल तर ती पार्टीच्या आठवड्यात नको.

शीट आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायची, पाकिटातच. विसरलात तर ओट्यावर ३०-४० मिनिटं, पण मग तिथून हलू नका. कोपरा दुमडून बघा. तडा गेला तर अजून गोठलेली आहे, लोंबून बोटाला चिकटला तर उशीर झालाय. चामड्यासारखा वाकला पाहिजे. एका वेळी एकच शीट बाहेर, बाकीच्या फ्रीजमध्ये.

आता सारण, आणि तेही आदल्या दिवशीच. याला दोनच अटी आहेत: कोरडं हवं आणि गार हवं.

कोरडं म्हणजे खरंच कोरडं. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. अर्धा किलो मशरूम बारीक चिरून पसरट कढईत मोठ्या आचेवर मीठ घालून परता. आधी पाणी सुटेल, मग आटेल, आणि बुडबुड्यांचा आवाज जाऊन चरचर सुरू होईल. तो आवाज आल्याशिवाय गॅस बंद करायचा नाही. उलथन्याने कढईच्या तळाला रेघ ओढा. रेघेत पाणी सरकलं नाही की झालं. मूळ वजनाच्या निम्म्याहूनही कमी उरतं, तेव्हा घाबरू नका. दोन कांदे वेगळे लालसर परतून आणि दीडेकशे ग्रॅम किसलेलं चीज घालून चाळीसेक त्रिकोणांचं सारण होतं. चीज मिश्रण गार झाल्यावरच मिसळा. पालक घेतलात तर वाफवून फडक्यात पिळा. हात दुखेपर्यंत पिळा, अर्धा किलोचा जेमतेम मूठभर गोळा राहिला पाहिजे. पाण्यातलं ताजं मोझरेला नको, भट्टीत ते पाझरतं. टोमॅटो बियांसकट नको. चिकन, खिमा आधी पूर्ण शिजवलेला. मीठ हात राखून, कारण पेस्ट्रीत आणि चीजमध्ये ते आहेच.

आणि गार. पफ फुलतो तो पदरांमधल्या बटरमुळे. भट्टीत कणकेतल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर वर उचलते. त्याआधी बटर घट्ट, सलग थरात असलं पाहिजे. बटर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं, मऊ तर त्याच्या बरंच आधी पडतं. सारण बोटाला ‘जरासंच कोमट’ लागतं म्हणजे ते तुमच्या बोटापेक्षा गरम आहे, आणि बटर वितळायला बोटाची ऊब पुरते. सारणाखालचं बटर कणकेत मुरलं की पदर एकमेकांना चिकटतात, मग वाफेला उचलायला काही उरत नाही. हे डोळ्यांनी दिसतंही: सारणाभोवती शीटवर तेलकट, किंचित पारदर्शक डाग उमटतो. तो दिसला तर त्या नगाचं भवितव्य ठरलेलं आहे. बटरऐवजी वनस्पती तुपाची शीट थोडी जास्त दम धरते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

कढईत ठेवून सारण गार होत नाही. वरून थंड लागतं, ढिगाच्या पोटात गरम असतं. मोठ्या ताटात बोटभर जाडीपेक्षा पातळ पसरा, २० मिनिटं तसंच उघडं, मग फ्रीजमध्ये निदान तासभर. गरम असताना झाकण अजिबात नको, वाफेचं पाणी परत सारणातच टपकतं आणि कोरडं करण्याची सगळी मेहनत गेली. भरण्याआधी ताटाच्या मधोमध बोट खुपसून बघा. ‘गरम नाही’ एवढ्यावर भागत नाही, थंड लागलं पाहिजे.

कापताना धारदार सुरी सरळ खाली दाबा. ओढत कापलं की कडेचे पदर लिंपले जातात आणि पफ एका बाजूला झुकून फुलतो. चौकोनावर एक चहाचा चमचा सारण, शीग भरून, त्याहून जास्त नाही. जास्त भरलेला प्रत्येक पफ फुटतो. कडेला एक सेंटिमीटर मोकळं, तिथे पाण्याचं बोट, दुमडून काट्याने दाबा, वर सुरीने एक छोटी चीर. चीर विसरलात तर वाफ स्वतःची वाट काढते, बहुतेक शिवणीतूनच. चकत्यांसाठी सारण पातळ पसरा, एक कड दोन सेंटिमीटर कोरी ठेवा, गुंडाळी करून २०-३० मिनिटं फ्रीझरमध्ये आणि मग दातेरी सुरीने कापा. न गोठवता कापलेल्या चकत्या चपट्या होतात. चकतीचं शेपूट खाली खोचा, नाहीतर उलगडतं. उरलेल्या कडांचा गोळा करू नका, एकावर एक रचून लाटा.

भरलेले ट्रे परत फ्रीजमध्ये, २० मिनिटं. हाताच्या उबेनंही बटर सैल झालेलं असतं. पण हे थंड करणं कोमट सारणाची भरपाई नाही! ओघळून कणकेत मुरलेलं बटर पुन्हा थर होऊन बसत नाही.

तेवढ्यात ओव्हन २०० अंशांवर, पंख्याचा असेल तर १८०. वीस मिनिटं आधी लावा. दिवा विझला म्हणजे आतल्या भिंती तापल्या असं नाही. एक अंडं, चमचाभर पाणी, चिमूटभर मीठ फेटून गाळा आणि फक्त वरच्या बाजूला ब्रशने लावा. कापलेल्या कडांवरून ओघळलं तर शिजून पदर शिवून टाकतं. अंडं नको असेल तर दूध किंवा क्रीम, रंग थोडा फिका येईल.

ट्रेवर बेकिंग पेपर, नगांमध्ये तीन सेंटिमीटर अंतर. १८ ते २२ मिनिटं. पहिली १२ मिनिटं दार उघडायचं नाही. दोन ट्रे असतील तर त्यानंतर खालचा वर, वरचा खाली. ओव्हन लहान असेल तर एका वेळी एकच, बाकीचे फ्रीजमध्ये वाट बघतील. वर सोनेरी दिसला म्हणून लगेच काढू नका, एक उचलून तळ बघा. पांढरा असेल तर अजून चार मिनिटं.

काढल्यावर जाळीवर. झाकू नका. पाच मिनिटं थांबा, आतलं चीज जीभ भाजतं. पुन्हा गरम करायचे तर १८० अंशांवर ५-७ मिनिटं, मायक्रोवेव्ह नाही. आधीच करून ठेवायचे तर कच्चेच, ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत, आणि न वितळवता थेट भट्टीत, ४-५ मिनिटं जास्त. सॉस, नॅपकिन वगैरे तुमचं तुम्ही बघा.

दुसरा घाणा भरायला घेताना सारणाचं ताट कुठे आहे ते बघा. तापलेल्या ओव्हनशेजारी ओट्यावर राहिलं असेल तर ते परत कोमट झालंय. आधी फ्रीजमध्ये टाका.