नंबर माझा, गाडी दुसऱ्याची

केए-२२ पासिंगची माझी स्कूटर बेळगाव-खानापूर सोडून कुठं गेलेली नाही, तरी बंगळुरूत सिग्नल तोडल्याचं ई-चलन आलं. भरून टाका, मोकळ्या व्हा, असं सगळे म्हणाले. मी भरलं नाही. तोच नंबर लावून फिरणारा उद्या कुणाला उडवून पळाला, तर पोलीस माझ्या दारात येणार!

मेसेजमधल्या लिंकला हात लावला नाही, बनावट लिंका फार फिरतात. परिवहनच्या ई-चलन साइटवर स्वतः जाऊन फोटो उघडला. फोटोत मोटारसायकल, तीही साध्या रंगवलेल्या पाटीची. माझ्या पाटीवर होलोग्राम आणि लेसरनं कोरलेला क्रमांक आहे, आणि तो क्रमांक गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. मला हाच पुरावा सगळ्यात भक्कम वाटला. चलनातला आणि माझ्या स्कूटरच्या पाटीचा असे दोन्ही फोटो, आरसी आणि त्या दिवशीची कामावरची हजेरी जोडून साइटवरच तक्रार नोंदवली.

शिवाय पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. शेजारच्या काकांनी तो कन्नडमध्ये लिहून दिला. शिक्क्याची पोच मात्र मागून घ्याच. पुन्हा चलन आलं तर तीच जोडता येते.

चलन रद्द झालं. तो माणूस अजून सापडलेला नाही, म्हणून अधूनमधून साइटवर माझा नंबर टाकून बघते.