थिसिस सुरू असतानाच नोकरीची तयारी: आरोग्य-संशोधनात नव्याने आलेल्यांसाठी

फेलोशिपचं गणित आधी मांडा. जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) दोन वर्षं (जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये), मग एसआरएफची म्हणजे सीनिअर फेलोशिपची तीन (42,000). यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. म्हणजे फेलोशिप आटोपली तरी थिसिस बाकी असू शकतो, आणि नेमक्या त्याच वर्षी बहुतेक जण नोकरी शोधायला लागतात. खिसा रिकामा, गाईडच्या दुरुस्त्या चालू आणि मुलाखतीतला पहिलाच शब्द अनोळखी! म्हणून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाला की तयारीला लागा. आठवड्याचे तीन-चार तास पुरतात.

सुरुवात कोर्सपासून करू नका. ज्या कामाकडे जावंसं वाटतं, त्याच्या वीस जाहिराती गोळा करा आणि तीन रकाने आखा: काय मागितलंय, आपण काय केलंय, पुरावा काय. तिसरा रकाना बहुतेक रिकामाच निघतो. पुढची दोन वर्षं तोच भरायचा. ऑनलाइन प्रमाणपत्रं डझनभर जमवणाऱ्यांची इथेच फसगत होते. जीसीपीचं (माणसांवरच्या औषधचाचण्या कशा चालवायच्या त्या नियमांचं) प्रमाणपत्र लागतं, ते घ्या. बाकीच्यांपेक्षा स्वतः केलेलं एक पूर्ण काम जास्त बोलतं.

फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचं काम, जीवशास्त्र किंवा फार्मसीतून आलेल्यांना सगळ्यात जवळचं. त्यातल्या मुलाखतीत हमखास विचारतात: केस (दुष्परिणामाची कळवलेली नोंद) वैध कधी? उत्तर चार गोष्टींचं: ओळख पटेल असा रुग्ण, ओळख पटेल असा कळवणारा, संशयित औषध आणि घडलेली घटना. या चारही गोष्टी कंपनीकडे ज्या दिवशी पोचतात तो दिवस शून्य, म्हणजे मुदत तिथून मोजायची. घटना घडली तो दिवस नव्हे, आणि चुकतं ते इथेच. क्लिनिकल ट्रायलमधली संशयित, अनपेक्षित प्रतिक्रिया जीवघेणी असेल तर आयसीएचप्रमाणे (औषधांसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) पहिली खबर 7 दिवसांत, गंभीर पण जीवघेणी नसेल तर 15 दिवसांत. भारतातल्या 2019 च्या नियमांत तर ट्रायलच्या डॉक्टरने कोणतीही गंभीर घटना 24 तासांत कळवायची असते. मुदतींच्या या दोन चौकटी एकमेकींत मिसळू नका.

सराव घरबसल्या होतो. मुक्त जर्नलमधला एखादा केस रिपोर्ट घ्या आणि त्याचं अडीचशे शब्दांचं नॅरेटिव्ह, म्हणजे केसची हकीकत, लिहा: वय-लिंग, जुने आजार, औषध कोणत्या तारखेला किती सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, तपासण्यांचे आकडे, औषध थांबवल्यावर काय झालं, पुन्हा दिलं का, शेवट काय, कार्यकारणसंबंध किती. सगळं तारखांच्या क्रमाने. पहिल्या मसुद्यात हमखास दोन दोष असतात: तारखा गायब आणि 'औषधामुळे झालं' असा थेट निवाडा. नॅरेटिव्हमध्ये आधी नोंद येते. मत शेवटी आणि कुणाचं ते सांगून. अशी पाच नॅरेटिव्हं हाताखालून गेली की लिहिण्याची शिस्त आपोआप येते.

डेटाचं काम करायचं असेल तर एनएफएचएस-5 चा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी) घराघरांतला डेटा नोंदणी करून, विषय सांगून मागता येतो. तो उघडल्यावर पहिली चूक म्हणजे वजन (प्रत्येक नोंद किती लोकांच्या वतीने मोजायची तो आकडा) न लावता टक्केवारी काढणं. स्त्रियांच्या फाइलमधला व्ही005 हा रकाना दहा लाखांनी भागून वजन म्हणून वापरायचा, क्लस्टर आणि स्ट्रॅटाही (नमुना निवडताना केलेले गट आणि थर) सॉफ्टवेअरला सांगायचे. नाहीतर आकडा चुकतो आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो अंदाज) खोटा अरुंद दिसतो. औषध कंपन्यांकडे जायचं असेल तर सीडिस्कचा (ट्रायलच्या डेटाची मानकं ठरवणारी संस्था) नमुना डेटा घ्या आणि त्यातले डीएम (रुग्णाची माहिती), एई (दुष्परिणाम), एलबी (तपासण्या) हे भाग जोडून बघा. रुग्णाने 'मार्च 2021' एवढंच सांगितलं असेल तर एसडीटीएममध्ये (गोळा केलेला डेटा मांडायच्या साच्यात) ते तसंच अर्धवट ठेवतात. दिवस धरायचा तो पुढे अ‍ॅडॅममध्ये (विश्लेषणासाठीच्या साच्यात), आणि धरलाय अशी खूण करून. एवढा एक फरक समजावून सांगता आला तरी मुलाखत घेणाऱ्याला कळतं की या माणसाने डेटा खरंच हाताळलाय.

रेग्युलेटरीबद्दल, म्हणजे औषधाला सरकारी मंजुरी मिळवण्याच्या कामाबद्दल, इथे एवढंच: सीटीडीचे (मंजुरीच्या अर्जाचा ठरलेला आराखडा) पाच मॉड्यूल कोणते आणि आपलं काम त्यातल्या कुठल्या मॉड्यूलमध्ये बसतं, हे सांगता आलं पाहिजे. प्राण्यांवरचे प्रयोग केलेल्यांचं मॉड्यूल चार.

मराठी येणाऱ्याला एक जमेची बाजू आहे, ती रिझ्युमेत क्वचितच दिसते: संमतिपत्रक. इंग्रजी संमतिपत्रकाचं मराठी करून, दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत उलटवून तपासलं जातं. 'यादृच्छिक वाटप' हा शब्द पाहून गावातला रुग्ण गप्प बसतो आणि सही करतो. 'कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत' म्हटलं की प्रश्न विचारतो. तो प्रश्न विचारला जाणं हेच तर त्या कागदाचं काम! अशी पत्रकं तुम्ही तयार केली असतील, पाचसहा जणांना वाचून दाखवून बदलली असतील, तर तसं आकड्यांसह लिहा. फील्डवरच्या संशोधन संस्थांमध्ये याला वजन आहे.

रिझ्युमे दोन पानांचा. 'एलायझा, पीसीआर येतं' ही ओळ सगळ्यांकडे असते. त्याऐवजी: किती रुग्णांचे नमुने, किती महिन्यांत, एथिक्स कमिटीच्या किती दुरुस्त्या, किती नमुने बाद झाले आणि त्यावर काय केलं. पेपरची यादी शेवटी, तीही निवडक.

कामाचा नमुना म्हणून रुग्णांचा डेटा किंवा प्रयोगशाळेचा अप्रकाशित मजकूर कधीही पाठवू नका, नावं पुसून सुद्धा नाही. गोपनीयता न पाळणारा माणूस म्हणून तिथेच नाव कटतं. इंटर्नशिप करायची तर गाईडची लेखी परवानगी घ्या आणि तिचा विषय थिसिसशी भिडणार नाही एवढं बघा. फेलोशिपच्या अटींत दुसरा मोबदला चालतो का, तेही आधी वाचा.

शेवटचा टप्पा कागदांचा. थिसिस सबमिट झाला, व्हायवा झाली, पदवीची अधिसूचना निघाली, या तीन वेगळ्या तारखा आहेत. जिथे असाल ती तारीख लिहा: 'थिसिस सबमिट, अमुक महिना'. अधिसूचनेआधी नावापुढे 'डॉ.' लावलं तर कंपनीच्या पडताळणीत ती विसंगती सापडते आणि हातात आलेली ऑफर अडकते.