सहायक कुत्रा आजारी पडला तर उपचाराचा खर्च कसा उभा करावा

सहायक कुत्रा म्हणजे दिव्यांग व्यक्तीला मदत करण्यासाठी प्रशिक्षित केलेला कुत्रा. त्याच्या उपचारासाठी पैसे गोळा करण्याआधी डॉक्टरांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, दाखल ठेवण्याचे दिवस, औषधे आणि नंतरच्या फेऱ्या यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. गाडी इथेच अडते: शस्त्रक्रियेपुरते पैसे जमतात, पण पुढच्या महिनाभराच्या गोळ्यांना उरत नाहीत. “ही तपासणी केल्याने उपचार बदलणार आहे का?” असेही निःसंकोच विचारा.

मग पहिला फोन कुत्र्याला प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला. काही संस्थांकडे उपचारनिधी असतो, काहींच्या करारात तर कुत्र्याची मालकीही संस्थेचीच असते. म्हणून करार नीट वाचा. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा, दवाखान्याकडे हप्ते मागा. आता काढलेला विमा सहसा कामाचा नाही, कारण आधीचा आजार त्यातून वगळलेला असतो.

लोकांकडून मदत घेताना रक्कम शक्यतो थेट दवाखान्याच्या खात्यात, कुत्र्याच्या नावाने जमा करायला सांगा आणि पावत्या दाखवा. ऑनलाइन निधी हाती यायला काही दिवस लागतात, हे दवाखान्याला आधीच सांगा.

तोवर वेदना बघवत नाहीत म्हणून घरातली आयबुप्रोफेन (माणसांची वेदनाशामक गोळी) मुळीच देऊ नका. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.