डीएन रोड बघायचा कसा

मुंबईच्या डीएन रोडवरून, म्हणजे दादाभाई नौरोजी रोडवरून, रोज जाणाऱ्याला विचारा, वरच्या मजल्यावर काय कोरलंय? नाही सांगता येणार, कारण नजर खाली, मोबाईल कव्हर नाहीतर बेल्टच्या ठेल्यावर. मी पण पहिल्यांदा मंगळवारी भर दुपारी गेलेलो, लोकांच्या पाठी बघून परत आलो. म्हणून रविवारी सकाळी सातला जा.

सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून, 1869 चं, दारावरची शिल्पं शिल्पकार लॉकवूड किपलिंगची. तिथून हुतात्मा चौकापर्यंत सरळ चालायचं. आधी या रस्त्याचं नाव हॉर्नबी रोड, विल्यम हॉर्नबी 1771 ते 84 मुंबईचा गव्हर्नर होता. पण रस्त्याला आजचं रूप यायला सुरुवात झाली ती 1860 च्या दशकात फोर्टचा तट पाडल्यावर, त्याआधी इथे किल्लाच होता ना.

सीएसएमटी स्टेशनला घाई करू नका. आर्किटेक्ट फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, 1878 ला सुरू. गेटच्या दोन खांबांवर बघा, एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, म्हणजे इंग्लंड आणि हिंदुस्थान. समोरची महापालिका पण स्टीव्हन्सचीच, 1893 ची. सेल्फी एकच काढा आणि पुढे चला, कारण खरी गंमत पुढेच आहे.

आता कमानींखालून चाला. प्रत्येक बिल्डिंगची स्टाईल वेगळी, कुठे गॉथिक, कुठे क्लासिकल, पण तळमजल्याला कमानींचा झाकलेला फुटपाथ मात्र सलग, कारण तो ठेवायचा नियमच होता, उन्हापावसात माणूस सुकाच्या सुका पोचतो. मालक वेगळे, आर्किटेक्ट वेगळे, तरी रस्ता एकाच हाताने काढल्यासारखा दिसतो तो यामुळे. पण कमानीखालून वरचं काही दिसत नाही, म्हणून मधेमधे रस्ता ओलांडून समोरून मान वर करून बघा. वाच्छा अग्यारीचे, म्हणजे पारशी अग्निमंदिराचे, पंखवाले बैल बाहेरूनच बघायचे, पारशी नसाल तर आत प्रवेश नाही.

शेवटी फ्लोरा फाउंटन, 1864 चं. किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा इथेच होता, स्टेशनचं नाव त्यावरून. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, 21 नोव्हेंबर 1955 ला इथे गोळीबार झाला होता. आणि ज्यांचं नाव रस्त्याला दिलं ते दादाभाई नौरोजी, 1892 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले, त्यांचा पुतळा पण इथेच. त्यांना भेटून परत फिरा, या वेळी समोरच्या फुटपाथने.