टाकीचा ऑटोमॅटिक बोर्ड घरी करताय? आधी पाच व्होल्ट मोजा

आमच्याकडे नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तेही बऱ्याचदा रात्री-बेरात्री. पाणी खाली हौदात पडतं आणि मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मोटर लावून डोळा लागला की टाकी वाहते, लावायची राहिली की सकाळी बादल्या.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी ऑटोमॅटिक बोर्ड केला. टाकी खाली गेली की मोटर चालू, भरली की बंद. टेबलावर लॅपटॉपच्या यूएसबीवर दोन दिवस झकास चालला. गच्चीवर नेऊन जोडला, सप्लाय चालू केला, ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि मागोमाग तो वास. नॅनोवरच्या (बोर्डाचा मेंदू असलेला छोटा आर्डुइनो) चिपला बोट लावून बघितलं तर बोटाला फोड. पाण्याची पातळी बघणारा सेन्सरही गेला. हाताने चालवायचं बटण मी ठेवलंच नव्हतं, त्यामुळे त्या रात्री हौद भरलेला आणि टाकी कोरडी. शेजारचे काका पॉवरलूमचे जुने फिटर. वर येऊन बघितलं आणि एवढंच म्हणाले, “काय बे, मीटर घरात असताना बोटानं बघतोस?”

आता माझा आतेभाऊ हाच बोर्ड करायला बसलाय. त्याला फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतो.

सगळ्यात आधी, तुम्हाला हे खरंच करायचंय का ते ठरवा. नुसती टाकी वाहायची थांबवायची असेल तर फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून मोटर चालू-बंद करणारा) आणा, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, एका दुपारचं काम आहे. मग हौस कसली, असं वाटत असेल तरच पुढे वाचा.

हत्यारं सांगत बसत नाही. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं सोल्डर, फ्लक्स, कटर, स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, टेप. सोल्डर पंप घ्याच, कारण चुकणार आहात. मे महिन्यात सोल्डरिंग करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर टोक गार पडतं आणि टाका मातकट, भुरकट दिसतो. असा टाका आज चालतो आणि नंतर अधूनमधून दगा देतो. तेव्हा घाम पुसायला पंचा घ्या, नाहीतर सकाळी सहाला बसा.

मल्टिमीटर मात्र नीट बघून ठेवा. त्याची नऊ व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर स्वस्तातले मीटर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. आणि लाल वायर कुठल्या भोकात आहे ते दरवेळी बघा. मागच्या वेळी करंट मोजून १० अँपिअरच्या भोकात तशीच राहिली असेल आणि आता व्होल्टेज बघायला टोकं लावलीत, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. मीटर कशाला हवा? खाली सांगतोय त्यासाठी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

बोर्ड गच्चीवर असतो आणि अडॅप्टर खाली जिन्याजवळ. मधे पंधरा-वीस मीटर बारीक वायर. खालूनच पाच व्होल्ट पाठवले तर वायरीतच थोडे मरतात, वर साडेचारच्या आसपास पोचतात आणि सेन्सर वेड्यासारखे आकडे देतो. म्हणून खालून बारा पाठवायचे आणि वर बोर्डाशेजारी पाच करायचे. त्यासाठी एलएम २५९६ चं छोटं बक कन्व्हर्टर मॉड्यूल मिळतं. निळा चौकोनी पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रूवाला भाग) असलेलं, सगळ्यांनी बघितलेलं. वस्तू चांगली आहे. अडचण एवढीच की ते दुकानातून पाच व्होल्टवर लावून येत नाही. पॉट कुठेही असतो, आणि बहुतेक वेळा बाहेर जवळजवळ तेवढंच येतं जेवढं आत दिलंय. माझ्याकडे बारा आत, अकराच्या वर बाहेर, आणि ती वायर मी नॅनोच्या पाच व्होल्टच्या पिनवर लावली. त्या पिनला वाचवायला मधे कुणी नाही, सरळ चिपला जाते. ती चिप म्हणजे एटमेगा ३२८, तिची टोकाची मर्यादा ६ व्होल्ट आहे.

तर: बक कन्व्हर्टरला आधी फक्त अडॅप्टर जोडा. बाहेरच्या बाजूला काहीही जोडू नका, फक्त मीटर. मग पॉटचा पितळी स्क्रू फिरवा. बहुतेक मॉड्यूलवर डावीकडे फिरवलं की व्होल्टेज उतरतं. पहिले दहा-पंधरा वेढे आकडा हलतच नाही. मॉड्यूल खराब आहे असं वाटतं, तसं नसतं. तो वीस-पंचवीस वेढ्यांचा पॉट आहे, फिरवत राहा. एकदम उतरायला लागेल. ५.० वर आणा. मग अर्ध्या वॉटचा १०० ओहमचा रेझिस्टर लोड म्हणून लावा आणि परत मोजा. अडॅप्टर काढा, परत लावा, परत मोजा. आकडा तोच आला की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब. बहिणीची ओरड ऐकावी लागेल, पण गच्चीवर नेताना स्क्रू-ड्रायव्हर लागून पॉट फिरायला नको.

मॉड्यूलवर इन आणि आउट अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मार्करने मोठं लिहा, उलटं जोडलंत तर कितीही मोजून उपयोग नाही. आणि बोर्ड यूएसबीवर व्यवस्थित चालतोय म्हणून हे टाळू नका. माझं नेमकं तेच झालं. यूएसबीवर चालला म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे, इतकंच. सप्लायबद्दल त्यातून काही कळत नाही. मोजा.

पार्ट. जे एक लागतं ते दोन आणा: दोन नॅनो, दोन बक मॉड्यूल, ट्रान्झिस्टर पाच-सहा. शहरात पार्टची दुकानं मोजकी आहेत, एखादी वस्तू नेमकी त्या दिवशी नसते आणि काम आठवडाभर अडतं. ऑनलाइन मागवा, नाहीतर पुण्यात काही काम असेल तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन तपकीर गल्लीतून घेऊन संध्याकाळच्या हुतात्मानेच परत या. यादी कागदावर न्या. गल्लीत शिरलं की नको ते घेतलं जातं. माझ्याकडे अजून तीन वापरात न आलेले डिस्प्ले आहेत.

सेन्सर उघडा डोळ्यांसारखा दिसणारा एचसी-एसआर०४ घेऊ नका, टाकीतल्या वाफेने महिन्या-दोन महिन्यांत गंजतो. वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी घ्या. तो टाकीच्या वरून खाली आवाज सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून पाण्याचं अंतर काढतो. पण त्याला जवळचं दिसत नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की तो काहीही आकडा देतो, म्हणजे टाकी भरत आल्यावर नेमका शेवटच्या क्षणी. त्यामुळे पाणी सेन्सरपासून तीस सेंटिमीटरवर असतानाच मोटर बंद होईल असं लावा. वरची थोडी टाकी रिकामी राहते, राहू द्या. आणखी एक गंमत: हवा तापली की आवाज जोरात पळतो. २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, आपल्या एप्रिल-मेच्या ४२ अंशांना ३५६ च्या पुढे. प्रोग्राममध्ये ३४३ च धरलं तर मीटरभर अंतरात चार सेंटिमीटर चूक, पाणी आहे त्यापेक्षा वर दिसतं. टाकी भरत आल्यावर ही चूक सेंटिमीटरभर उरते. सोडून द्या, त्यासाठी वेगळा तापमान सेन्सर लावत बसू नका. मी बसलो होतो.

रिले, म्हणजे नॅनोच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. इथे लोक खरंच घर जाळतील. निळ्या छोट्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि एक एचपीची मोटर चालताना सहा-सातच घेते, मग काय हरकत आहे, असं वाटतं. सुरू होताना ती त्याच्या चार-पाच पट ओढते. काही दिवसांनी रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. म्हणून मोटर कॉन्टॅक्टरवर (मोटरसाठीचा दणकट मोठा रिले) घ्या आणि छोट्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा. रिले १२ व्होल्टचा, तो खाली कॉन्टॅक्टरजवळ. त्याची कॉइल साधारण ३० मिलिअँपिअर खाते, वर बोर्डावरचा ट्रान्झिस्टर बीसी ५४७ शंभरपर्यंत झेपवतो, म्हणजे निवांत. त्याच्या बेसला १ के (किलोओहम) चा रेझिस्टर. बेसपासून ग्राउंडला १० के, नाहीतर लाईट आल्या-आल्या प्रोग्राम सुरू व्हायच्या आत रिले एकदा उगाच वाजतो. रिलेच्या कॉइलवर वन-एन-४००७ डायोड, पट्टा पॉझिटिव्हकडे. डायोड विसरलात तर ट्रान्झिस्टर जातो. पण ट्रान्झिस्टर दोन-तीन रुपयांचा आहे. पाच व्होल्ट मोजायला विसरलात तर नॅनो जातो, सेन्सर जातो आणि घरच्यांपुढे मान खाली जाते.

२३० व्होल्टचं काम स्वतःला येत असेल तरच करा. मला येत नाही, मी वायंडिंगवाल्या मामांना बोलावतो. ते येतील तेव्हा सांगायचं ते असं: मोटरला दीड स्क्वेअर एमएमच्या खालची वायर नको, अर्थिंग जोडलेलं हवं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागला तर सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर आता बसवा. पाण्याजवळचं काम आहे, त्यात कंजूषपणा नको. हाताने मोटर चालवायचं वेगळं बटण ठेवाच. आणि बारा व्होल्टच्या वायरी आणि २३० च्या वायरी एका पाइपातून नेऊ नका. कॉन्टॅक्टर सुटताना नॅनो रीसेट होत असेल तर त्यांना कॉइलवर स्नबर (झटका शोषून घेणारा जोड) लावायला सांगा.

हौदातही एक फ्लोट स्विच टाका, हौद रिकामा असताना मोटर चालू होता कामा नये. कोरडी चालली की सील जातं. हे महागात पडतं, नॅनोपेक्षा कितीतरी.

प्रोग्रामबद्दल फार नाही. एका रीडिंगवर विश्वास ठेवू नका, पाच घ्या आणि मधलं धरा. मोटर अमुक मिनिटांच्या वर चालली तर काहीही असो, बंद. आमची टाकी पस्तीस मिनिटांत भरते, मी पन्नास ठेवलीत. लाईट येते-जाते तेव्हा सुरुवातीला दोन मिनिटं थांबायचं.

डबा प्लास्टिकचा, रबरी कडा असलेला. टाकीच्या सावलीत, भोकं खालच्या बाजूने. पत्र्याचा डबा उन्हात ठेवलात तर आत पापड भाजता येतील. वायर पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचायची पट्टी) वर नेऊ नका, सोल्डर करूनच न्या.

जोडायचा दिवस पाण्याच्या दिवशी ठेवू नका. पाणी येऊन गेल्यावर, टाकी भरलेली असताना करा, म्हणजे फसलात तरी तीन दिवस हाताशी आहेत. मी उलटं केलं होतं.

वर गेल्यावर क्रम असा: मोटरचा एमसीबी (मेन स्विच) बंद. अडॅप्टर चालू. बकचं आउटपुट मोजा, हो, परत, इथेही, कारण खाली टेबलावर मोजलं ते वेगळ्या वायरीवर होतं. ५.० आहे? अडॅप्टर बंद, नॅनो जोडा, अडॅप्टर चालू. सेन्सर. मग ट्रान्झिस्टर. खाली कुणालातरी रिलेचा आवाज ऐकायला उभं करा. मग एमसीबी. पहिली टाकी भरेपर्यंत तिथेच बसा.

सर्किटचा कागद झाकणाच्या आतून चिकटवा. आणि मीटर खिशात घेऊन वर जा. “खालीच राहिला, आता कोण जिना उतरणार,” हे मी म्हटलं होतं, ते तुम्ही म्हणू नका. उतरा.