फ्लास्क: रिक्वेस्ट वाचण्यापासून सर्व्हर उभारण्यापर्यंत

फ्लास्क या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये आठ-दहा ओळींत पान दिसू लागते. खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण ब्राउझरकडून काय येईल हे आपल्या हातात नसते.

पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा मजकूर ‘रिक्वेस्ट’ (ब्राउझरकडून आलेली मागणी) या ऑब्जेक्टच्या ‘आर्ग्ज’मध्ये मिळतो आणि फॉर्ममधील रकाने ‘फॉर्म’मध्ये मिळतात. दोन्ही ठिकाणी चौकटी कंसाऐवजी ‘गेट’ ही मेथड वापरावी. एका नोंदणी फॉर्ममध्ये माझ्याकडून संमतीचा चेकबॉक्स चौकटी कंसाने वाचला गेला होता. खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळे ज्यांनी खूण केली नाही त्या प्रत्येकाला ४०० क्रमांकाची (‘चुकीची रिक्वेस्ट’) एरर दिसत होती, आणि चूक माझी असूनही दोष त्यांच्या माथी जात होता. पान क्रमांकासारखी संख्या हवी असल्यास ‘गेट’लाच डिफॉल्ट किंमत आणि ‘इंट’ हा टाइप द्यावा. मग कोणी आकड्याऐवजी अक्षरे पाठवली तरी डिफॉल्ट किंमत हाती येते आणि प्रोग्राम कोसळत नाही.

फ्लास्कबरोबर येणारा, ५००० क्रमांकाच्या पोर्टवर चालणारा सर्व्हर केवळ घडणीच्या काळासाठी आहे. तो लोकांसाठी खुला करू नये, आणि डीबग मोड तर मुळीच चालू ठेवू नये, कारण त्यातील डीबगरमधून ब्राउझरमध्ये बसून आपल्या मशीनवर पायथॉन कोड चालवता येतो. त्याऐवजी लिनक्सवर गुनिकॉर्न हा सर्व्हर वापरावा. तो विंडोजवर चालत नाही, तिथे वेट्रेस हा सर्व्हर घ्यावा. गुनिकॉर्नच्या वर्करची (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसची) संख्या ठरवताना कोअरच्या दुपटीत एक मिळवण्याचा प्रघात आहे, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर पाच. प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र प्रोसेस असल्यामुळे ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेली मोजणी दर वर्करची वेगळी होते. अशी माहिती डेटाबेसमध्येच ठेवावी.

गुनिकॉर्नच्या पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट आधी घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर, ठेवला की बहुतेक अडचणी या दोघांच्या सांध्यात निर्माण होतात. एनजिनएक्स मुळात (सेटिंग न बदलल्यास) १ एमबीपेक्षा मोठी रिक्वेस्ट ४१३ क्रमांकाच्या एररने परत पाठवतो आणि ती फ्लास्कपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून फ्लास्कच्या लॉगमध्ये कितीही शोधले तरी काही सापडत नाही. फाइल अपलोड करायच्या असतील तर मर्यादा दोन्हीकडे जुळवून लिहावी. गुनिकॉर्न मुळात ३० सेकंद प्रतिसाद न देणारा वर्कर बंद करतो आणि वापरणाऱ्याला ५०२ क्रमांकाची एरर दिसते. अशा वेळी मुदत वाढवत बसण्यापेक्षा लांबणारे काम सेलरीसारख्या, कामे मागे वेगळी करणाऱ्या रांगेत टाकणे मला अधिक योग्य वाटते. शिवाय, एनजिनएक्स आणि गुनिकॉर्न एकाच मशीनवर असतील तर फ्लास्कला प्रत्येक वापरकर्त्याचा पत्ता १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) असाच दिसतो. त्यावर, प्रॉक्सीने हेडरमध्ये लिहिलेला खरा पत्ता वाचणारा ‘प्रॉक्सीफिक्स’ हा उपाय आहे, मात्र आपल्या पुढे जितके प्रॉक्सी खरोखर आहेत तितक्यांवरच विश्वास ठेवायला त्याला सांगावे, कारण त्याहून मोठा आकडा दिल्यास कोणीही खोटा पत्ता हेडरमध्ये घालून पाठवू शकतो.

शेवटी गुनिकॉर्नला सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारी यंत्रणा) सेवेत बसवावे आणि मशीन एकदा मुद्दाम रीबूट करून पान उघडते का ते पाहावे. सेवा ‘एनेबल’ (मशीन सुरू होताच आपोआप चालू होईल अशी) करायची राहून गेली असेल तर ते तेव्हाच लक्षात येते.