स्ट्रेच मार्क्सवर पैसे घालवायच्या आधी त्यांचा रंग बघा

स्ट्रेच मार्क्स जातात का, तर पूर्ण जात नाहीत. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा लागायला नको. फिकट होतात, सपाट होतात, हात फिरवला तर जाणवेनासे होतात, आणि ताजे असताना उपचार केले तर फरक बराच पडतो. "शंभर टक्के गायब" असं जो कोणी सांगेल त्याच्याकडून पाय काढता घ्या, मग ते क्रीम असो नाहीतर लेझर.

आता होतात कशामुळे. त्वचेचा वरचा थर तसा शाबूत असतो, फाटतं ते खालच्या थरात. तिथे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू असतात, त्वचा पटकन ताणली गेली की ते तुटतात आणि भरून येताना व्रण राहतो. पण नुसता ताण हे कारण पुरत नाही, कारण तसं असतं तर प्रत्येक बाळंतिणीला सारखेच मार्क्स आले असते ना. हार्मोन्सचा आणि अनुवंशिकतेचा मोठा भाग आहे यात. आईला असतील तर मुलीला यायची शक्यता जास्त, आणि कमी वयातलं गरोदरपण, जुळी, मोठं बाळ, भराभर वाढलेलं वजन यानेही शक्यता वाढते. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोटावर दिसायला लागतात.

आपल्याकडे घरोघरी सांगतात की पोटाला नखं लावू नको, खाज आली तर फणीने खाजव, नाहीतर व्रण पडतात. खाजवल्याने स्ट्रेच मार्क्स येत नाहीत हो, ताणल्यामुळे आणि कोरडेपणामुळे खाज येते आणि मार्क्स यायचे ते येतातच, पण नखांनी ओरखडे पडून काळे डाग मात्र राहतात, त्यामुळे सल्ला वाईट नाहीये, कारण चुकीचं आहे एवढंच. खोबरेल, ऑलिव्ह ऑइल, कोको बटर यांनी मार्क्स टळतात याचा भक्कम पुरावा नाही. त्वचा मऊ राहते, खाज कमी होते, तेवढ्यासाठी खुशाल लावा, पण त्यासाठी महागडी बाटली कशाला? बाळंतपणानंतरचं मालिश आणि पोटपट्टा यांनीही हे व्रण पुसले जात नाहीत.

खाजेबद्दल एक महत्त्वाचं. शेवटच्या महिन्यांत मार्क्सवरच लाल पुरळ उठून जबरदस्त खाज सुटली तर तो एक वेगळा त्रास असतो, बाळाला धोका नसतो, डॉक्टर औषध देतात. पण पुरळ काहीच नाही आणि तळहात-तळपाय खाजतायत, रात्री जास्तच, तर तेल चोळत बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. यकृताचा त्रास असू शकतो, रक्त तपासावं लागतं आणि तो बाळासाठी गंभीर असतो.

गरोदरपण सोडून बाकी कारणं. वयात येताना मुलं भराभर उंच होतात तेव्हा कमरेच्या वर पाठीवर आडव्या रेषा येतात. बघणाऱ्याला वाटतं पोराला पट्ट्याने मारलंय की काय, तर तसं काही नसतं. मुलींना मांड्या, नितंब, छातीवर येतात. जिममध्ये झटपट बॉडी बनवणाऱ्यांना खांद्यापाशी, काखेजवळ. हे सगळं नॉर्मल आहे आणि यातले बरेचसे वर्षा-दोन वर्षांत आपोआप फिके पडतात.

नॉर्मल नसलेलं एक कारण आपल्याकडे घराघरात आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जांघेत गजकर्ण झालं, डॉक्टरकडे जायची लाज वाटते, मग मेडिकलवाल्याला हळूच विचारायचं, तो एक ट्यूब देतो, दोन दिवसांत खाज थांबते, ट्यूब संपली की परत येते, परत ट्यूब. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं, म्हणजे तगडं स्टेरॉइड. जांघ, काख, मांडीची आतली बाजू इथली त्वचा मुळात पातळ, वर घडी असल्यामुळे औषध जास्त मुरतं, आणि मग तिथे रुंद लालसर-जांभळे पट्टे पडतात ते कायमचे. गजकर्ण तर राहतंच, उलट पसरतं. अशी क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 मध्ये सरकारने नियम कडक केले, तरी काउंटरवर सहज मिळतात हे तुम्हालाही माहितीये. त्यामुळे पहिलं काम हे करा की घरातल्या सगळ्या ट्यूबा काढा, मागचं बारीक अक्षर वाचा आणि ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा. हे चालू असताना लेझर करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. (दम्यासाठी किंवा संधिवातासाठी पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, ते धोक्याचं आहे.)

आणि कसलंच कारण नसताना बोटभर रुंद, गडद जांभळे पट्टे आले, सोबत चेहरा गोल सुजल्यासारखा, पोट वाढतंय पण हातपाय बारीक, जरा लागलं की काळंनिळं, बीपी-शुगर वाढलेली, तर कॉर्टिसोल या हार्मोनची तपासणी करून घ्या. कुशिंग सिंड्रोम नावाचा आजार असतो. हे ब्युटीचं नाही, एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरचं काम आहे.

आता उपचार. दिवसाउजेडी खिडकीपाशी उभं राहून मार्क्सचा रंग बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. लाल, गुलाबी, जांभळट म्हणजे ताजे, आत अजून घडामोड चालू आहे, उपचारांना दाद देतात. सावळ्या त्वचेवर ताजे मार्क्स लाल न दिसता तपकिरी-काळपट दिसू शकतात, ते जुने समजून सोडून देऊ नका. पांढरे, चकचकीत, जरा खोलगट म्हणजे जुने.

ताज्यांसाठी डॉक्टर ट्रेटिनॉइन क्रीम देतात, रात्री लावायचं, काही महिने, सुरुवातीला जळजळ आणि सालं निघणं होतं. गरोदरपणात अजिबात नाही, अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लाली कमी करायला पल्स्ड डाय लेझर असतं, पण ते सगळीकडे नसतं आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर जपून वापरावं लागतं.

जुन्यांसाठी मुख्यतः मायक्रोनीडलिंग आणि फ्रॅक्शनल लेझर. दोन्हीचं तत्त्व एकच, त्वचेला मोजून-मापून बारीक जखमा करायच्या म्हणजे ती नवीन कोलॅजन बनवते. मायक्रोनीडलिंगमध्ये सुया असतात, एमएनआरएफमध्ये त्याच सुयांतून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता आत सोडतात. फ्रॅक्शनल सीओटू लेझर जास्त जोरकस, पण भारतीय त्वचेवर त्यानंतर काळे डाग पडायची भीती जास्त असते, आणि पांढऱ्या रेषेच्या जागी काळी रेषा घेऊन घरी यायचं याला काही अर्थ नाही. माझं मत विचाराल तर गव्हाळ-सावळ्या त्वचेला आधी सुयांचा पर्याय विचारा. पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटचा भाग, बऱ्याचदा यासोबत जोडून देतात, एकट्याने चमत्कार होत नाही. साधारण तीन ते सहा सेशन लागतात, मध्ये चार-सहा आठवड्यांचं अंतर, आणि परिणाम कळायला शेवटच्या सेशननंतरही काही महिने जातात. पोत सुधारतो, गेलेला रंग परत येणं अवघड. त्यासाठी एक्सायमर लेझर आहे पण तो रंग टिकवायला परत परत जावं लागतं.

घरी ऑनलाइन मागवलेला डर्मारोलर (बारीक सुया असलेला रोलर) पोटावर फिरवू नका प्लीज. इन्फेक्शन होतं, डाग पडतात.

कोणाकडे जायचं तर स्किनमध्ये एमडी किंवा डिप्लोमा केलेल्या डॉक्टरकडे, पार्लरच्या मागच्या खोलीत नाही. विचारा की मशीन कोण चालवणार, माझ्यासारख्या रंगाच्या पेशंटचे आधी-नंतरचे फोटो दाखवा, आधी छोट्या भागावर टेस्ट पॅच कराल का, एकूण खर्च लेखी द्या. पॅकेजचे सगळे पैसे एकदम भरू नका. कॉस्मेटिक असल्यामुळे मेडिक्लेम सहसा देत नाही. जखम झाली की व्रण फुगतो असं असेल (केलॉइड), रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, दिवस राहिले असतील, तर न विचारताही सांगून टाका. पहिल्या सेशनआधी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही यावर घरात वाद होतात.

बाळंतपण नुकतंच झालं असेल तर घाई नको, सहा महिने ते वर्षभरात मार्क्स बरेच फिके होतात, आणि अजून मूल हवं असेल किंवा वजन वर-खाली होत असेल तर मोठा खर्च नंतर करा. पोटाची कातडी फारच लोंबत असेल तर प्लॅस्टिक सर्जन टमी टक करतात, त्यात बेंबीखालच्या कातडीसोबत तिथले मार्क्सही कापून जातात, वरचे राहतात, आणि ओटीपोटावर एक लांब आडवा व्रण येतो. फक्त मार्क्ससाठी एवढं मोठं ऑपरेशन करू नये असं मला वाटतं.